एकटीपुरता भात

सकाळपासून हेमलताबाईंच्या फोनवर एकट्या माणसाच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ येत होते. एकाच वांग्याची भाजी, अर्ध्या वाटीचा भात, एकटीपुरती आमटी. मध्येच लागलेली जाहिरातही इवल्याशा कुकरची होती. त्या बोटाने सरकवत राहिल्या, तरी पुढचा तसाच यायचा.

फोन चुकला असेल, असं त्यांना म्हणता येईना. वरच्या मजल्यावरच्या रेवतीला बाळाच्या मालिशीचे व्हिडिओ यायला लागले, तेव्हा दिवस गेल्याचं तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्याच मनगटावर फोनच्या कंपनीने फुकट दिलेला, नाडी मोजणारा पट्टा होता.

"अगं, ऐकलंस का?" बाहेरून यशवंतरावांनी खुशीत हाक मारली. "कालपासून माझ्या फोनवर एकही जाहिरात नाही! ना गुडघ्याचं तेल, ना काशीची सहल. हा म्हातारा काही घ्यायचा नाही, हे कळलं एकदाचं त्यांना."

हेमलताबाई दाराशी आल्या. "अहो, छातीत काही होतंय का तुमच्या?"

"मला काय धाड भरलीये?"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ या."

"बरं, जाऊ. पण जेवून."

त्या स्वयंपाकघरात परतल्या. दोघांना रोज एक वाटी तांदूळ पुरायचे. त्यांनी पातेल्यात एक वाटी ओतली, मग दुसरी, मग तिसरी.

पाणी प्यायला आत आलेल्या यशवंतरावांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"एवढा भात? कोण येणार आहे?"