नैवेद्य

देवीच्या राईत गेल्या वर्षी दोनच धनेश, गावच्या बोलीत गरूड, उरले होते, एक नर आणि एक मादी. यंदा पक्षी मोजायला आलेल्या वेदिकाला एकही दिसला नाही.

"बाळाकाका, गरूड कुठे गेले?"

"येतील गो, देवीचेच ते," बाळा गुरव म्हणाला. "देवळावर वाकलेला बेहडा आम्ही माघात तोडला. देवीचा कौल घेऊनच हां! तर त्या दोघांतला एक गरूड महिनाभर रोज त्याच जागेवर यायचा, चोचीत उंबरं घेऊन. देवीला नैवेद्य! सगळा गाव हात जोडायचा."

बेहड्याचं खोड अजून तिथेच पडलं होतं. अंडी घालण्याआधी मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो; खोडातल्या ढोलीचं तोंड तसंच लिंपलेलं होतं. चोचीपुरत्या फटीला वेदिकाने मोजपट्टी लावली. चार सेंटिमीटर. आत पिसं होती, आणि दोन अंड्यांची कवचं.