तिसरी बरगडी

"हळू! जीव घेतीस का?" व्यंकटी ओरडला.

सुभद्राबाईने हात उचलला. तळव्यावर पुन्हा कोमट तेल घेतलं आणि उजवीकडची, खालून तिसरी बरगडी तेवढी सोडून नवऱ्याचं अंग चोळायला लागली. ती बरगडी वाकडी जुळली होती. वीस वर्षांपूर्वी लातूरच्या भगवानरावाने बॉक्सिंगमध्ये एका ठोशात ती मोडली, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक व्यंकटी, दुसरी त्याची बायको. खुद्द भगवानरावालाही पत्ता नव्हता. व्यंकटीने नांदेडात येऊन सांगितलं की पाय घसरला म्हणून हरलो. नांदेडकरांनी मान डोलावली आणि त्याचं नाव घसरगुंडी ठेवलं.

आता तो शाळेत ड्रिल मास्तर होता. पोरं समोर सलाम ठोकत आणि पाठ वळली की तेच नाव घेत. त्याच्या काळजात वीस वर्षं निखारा होता, आणि तो विझू नये याची काळजी गाव घेत होतं.

यंदा संस्थानच्या सरकारच्या सालगिरहीच्या, म्हणजे वाढदिवसाच्या, खेळांत चाळिशी उलटलेल्यांचंही बॉक्सिंग ठेवलं. लातूरहून भगवानरावाचं नाव आलं. व्यंकटीने भर बाजारात सांगून टाकलं, "त्याला माती चारली न्हाई तर मिशी उतरवीन!"

घरी आल्यावर मात्र तो आरशापुढे उभा राहिला. वय चव्वेचाळीस, पोट पुढे आलेलं. सुभद्राबाईच म्हणाली, "उतराच तुम्ही. वीस वर्सं मनात ठिवलेलं एकदा निघू द्या."

मग तिनेच कंबर कसली. त्याला पहाटे उठवून गोदावरीकाठी पळायला धाडायची. दुधात खारीक उकळून द्यायची. परसात कडुलिंबाला वाळूचं पोतं टांगलं, तर ते मागून धरायलाही तीच उभी राही. तीन महिन्यांत तिला एकदाही धक्का लागला नाही. ठोसा सुटायच्या आत ती बरोबर बाजूला झालेली असे.

"हात कुठून यून राहिला ते तुला कसं कळतं गं?" तो हसून विचारायचा.

"कळतं," ती म्हणायची, आणि पुन्हा पोतं धरायची.

बाई बोलायला अशीच कमी. उन्हाळा असो की पावसाळा, मनगटापर्यंत बाह्यांची चोळी. घरंदाज म्हणून गल्लीत तिचा दाखला देत. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं व्यंकटी चारचौघांत सांगायचा आणि त्याला ते मनापासून वाटायचंही.

त्या काळी या खेळाडूंत एक रीत होती. पाहुणा गडी आदल्या दिवशी बायकोसकट यजमान गड्याच्या घरी जेवायचा. एका पंगतीत बसल्याशिवाय एकमेकांवर हात उचलायचा नाही. व्यंकटीने या रितीतूनही आपला डाव काढला.

"पुरनपोळ्या कर," त्याने बायकोला बजावलं. "तुपाची धार थांबवू नको. उद्या त्याला जागचं हालता येऊ नये."

भगवानराव आला. डोक्याला टक्कल, बोलणं मऊ. "बरं चाललंय का, मास्तर?" एवढंच त्याने विचारलं आणि व्यंकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आठ पोळ्या त्याने स्वतः आग्रह करून पाहुण्याच्या ताटात वाढल्या. भगवानरावाची बायको मनकर्णाबाई आत चुलीपाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"धूर लई हाय आत," ती नवऱ्याला म्हणाली. "चला आता."

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईने व्यंकटीच्या हातावर दही-साखर ठेवली. "मी न्हाई येत तिकडं. मला बघवायचं न्हाई."

"नको येऊ. रक्त बघून तुला भोवळ यायची," तो खुशीत म्हणाला.

पोलीस लाइनीचं मैदान दुपारपासून फुललं होतं. घंटा वाजली. व्यंकटीने उजवा हात सोडला, तो हवेत गेला. दुसरा गेला, तिसराही गेला. जड पोटाचा भगवानराव दर वेळी ठोसा सुटायच्या आत बाजूला झालेला असे. लोक हसायला लागले. "घसरगुंडी!" कोणीतरी हाळी दिली. व्यंकटी चवताळला, हनुवटी उघडी टाकून अंगावर धावून गेला.

भगवानरावाने त्या हनुवटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा ठोसा उजव्या बरगडीवर बसला. खालून तिसऱ्या.

व्यंकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो सावरतोय तोच पुन्हा तिथेच, आणि पुन्हा तिथेच. आत काहीतरी कडकन वाजलं आणि तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. रेफ्री वर बोट नाचवत मोजत होता, "आठ... नौ... दस!"

मैदानात एकच गिल्ला झाला. भगवानराव त्याच्याजवळ बसला आणि त्याने त्याच्या काखेत हात घातला. व्यंकटीला धड श्वास घेता येईना.

"बरगडीचं... तुला कुनी सांगितलं?"

"घरी जाऊन हुडकू नको," भगवानराव त्याच्या कानाशी लागून म्हणाला. "दुपारच्या मोटारीनं वहिनी मनकर्णेसंगं लातूरला गेल्या. तिला बहीण मानलंय त्यांनी, आता तिथंच ऱ्हातील."

भगवानरावाने त्याला उठवून बसतं केलं.

"अन् तोंडाला हात लावू नका म्हनल्या. म्हनल्या, आमचे मालक दिसंल तिथं कधीच मारत न्हाईत."