हळदीचा सेट

पाच सवाष्णी राखीच्या अंगावर दागिने चढवत होत्या, आणि ते दागिने करणारी तिची आई पंचफुला माजघराच्या दारामागं उभी राहून डावा झुमका उजव्या कानात चाललाय हे बघत होती.

दिसायला दोन्ही सारखेच. पण डाव्याची पाकळी तिनं आत वळवली होती, कारण राखीची डाव्या बाजूची बट पुढं येते आणि कशातही अडकते. हे आईला ठाऊक. बाकीच्यांना कुठून असणार?

बारा दिवस ती या सेटवर बसली होती. पांढरी क्ले मळायची, एकेक पाकळी अंगठ्यानं दाबायची, सावलीत दोन दिवस वाळू द्यायची, मग रंग. भट्टी नाही, आच नाही, हवेवरच वाळते. मोबाइलवर बघून शिकली आणि तीन वर्षांत आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरींना तिनं हळदीचे सेट करून दिले. त्या हळदींना तिला कोणी बोलावलं नाही. नवरा मेलेल्या बाईनं हळदीत जायचं नसतं. गावानं मागच्या साली ठराव केला होता, की असलं काही इथून पुढं पाळायचं नाही. त्यावर सह्या ठोकणारे अर्धे लोक आज मांडवात बुंदी वाढत होते.

तरी तिला त्यांच्यातल्या कोणी अडवलं नव्हतं. सकाळी वेणी घालून घेताना राखीच म्हणाली होती, "आई, आजच्या दिवस आतच राह्य. खामगावचे लोक आले. त्यायच्यात लय पाह्यते असं."

पंचफुला बरं म्हणाली. वेणीचा एक पेड चुकला नाही. आपला हात नाही लागणार, पण आपल्या हातचं तर पोरीच्या गळ्यात राहील, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

थोरल्या जावेला, अन्नपूर्णाबाईला, तिनं दोनदा बजावलं होतं की न्हाऊ घालायच्या आधी सगळं उतरवून घ्या. वरून वार्निश मारलं असतं तर सेटनं पाण्याला दाद दिली नसती. पण वार्निशनं राखीच्या मानेवर पुरळ उठतं. गिऱ्हाइकाच्या सेटला पंचफुला वार्निशचे दोन हात मारते. लेकीच्या सेटला तिनं एकही मारला नाही.

चौक मांडला. चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांच्याभोवती सूत गुंडाळलेलं, मधे पाटावर पिवळीजर्द राखी. तास झाला होता हळद लावून, हारही ओला झाला होता. अन्नपूर्णाबाई तो काढायला वाकली, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, काकू, राहू द्या, पाणी पडतानाचा फोटो दागिन्यांसकट भारी येतो. खामगावहून आलेल्या नवरदेवाच्या बहिणींनीही तेच धरलं. अन्नपूर्णाबाईनं हात मागं घेतले.

"बाई, काढून घ्या आधी," पंचफुला दारातून म्हणाली. "ते पाण्यात टिकत नाही."

आवाज मोठा नव्हता, तरी मांडवभर ऐकू गेला. सगळ्या माना दाराकडं वळल्या. राखीची नाही वळली. तिनं डोळे मिटून घेतले, खाली मान घातली.

पंचफुला दारामागं सरली.

मग पाचही सवाष्णी एकेक तांब्या पाणी ओतू लागल्या. पहिल्या तांब्याला काही झालं नाही. दुसऱ्याला रंग सुटला. चौथ्याला हारातली मोगऱ्याची फुलं मऊ होऊन गळ्यावर बसली, आणि पाचवा ओतेस्तोवर हार धाग्यावरून सुटून पोरीच्या छातीवरनं खाली घसरायला लागला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. खामगावची एक बाई म्हणाली, "मातीचाच व्हता काय वं हा?" आणि बायका हसल्या. वाईट मनानं नाही. हळदीत लोक हसतातच.

अन्नपूर्णाबाईनं उरलासुरला लगदा ताटलीत गोळा करून आणला आणि उंबऱ्यावर ठेवला. ही काही दुष्ट बाई नव्हती. नऊ वर्षांमागं पंचफुलाचा नवरा गेला, तेव्हा सहा महिने हिच्याच घरून तिच्याकडं डबा यायचा.

"संध्याकाळलोक दुसरा होईन काय वं? मेंदीचे फोटो राह्यले अजून."

"वाळायले दोन दिवस लागते, बाई."

"पंख्याखाली ठेवजो," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि गेली. तिला कोणीतरी हाक मारत होतं.

पंचफुला ताटलीपाशी बसली. फुकट घालवू नये म्हणून, की हाताला सवय म्हणून, तिनं तो लगदा मळायला घेतला. तारेचे तुकडे वेचून बाजूला ठेवले. दाबला, दुमडला, पुन्हा दाबला. थोड्या वेळानं तिचं हातांकडं लक्ष गेलं. क्लेबरोबर राखीच्या अंगावरची हळद आली होती. दोन्ही तळवे पिवळे झाले होते, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, पार मनगटापर्यंत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिनं हात नाकाशी नेले.

लुगडं बदलायला राखी आत आली. अंगावरून पाणी गळत होतं. कानाखाली एक पाकळी चिकटून राहिली होती, आत वळवलेली. पंचफुलानं ती काढायला हात पुढं केला.

राखीनं त्या हाताकडं पाहिलं, मग दाराकडं.

"आई, हात धुऊन टाक आधी," ती हळूच म्हणाली. "कोनी पाहीन."