सोलर कोणी फोडला

लग्न वणीला की नाशिकला, यावर बोलणी अडून तास होत आला होता.

"आमच्याकडं लग्न मुलाच्या दारात व्हतं," जयराम म्हणाले. ते मुलाचे वडील, वणीचे द्राक्ष बागायतदार.

"आणि आमच्याकडे मुलीच्या," भिमाजी म्हणाले. ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त होऊन त्यांनी गंगापूर रोडला हा बंगला बांधला होता. मांडव पडेल तर याच दारात, असं त्यांच्या मनात पायाभरणीपासून होतं.

राकेश आणि वैष्णवी खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. त्या दोघांचं केव्हाच ठरलेलं होतं. आता ते मोडणार, हे दिसत होतं. मुलाची आई कुसाबाई यांनी पर्स मांडीवर घेतली. म्हणजे निघायचं.

जयराम उठले, आणि उठता उठता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. पाहुण्यांसाठी मोठी पातेली काढताना भिमाजींच्या बायकोनं, चतुराबाईंनी, सगळा माळा उपसला होता. पातेल्यांबरोबर चादरीत गुंडाळलेलं एक लांबट बोचकंही खाली आलं होतं. त्यातून लाकडी दस्ता डोकावत होता.

"छर्ऱ्याची बंदूक हाय का ती?"

"दोन आहेत. एक माझी, एक थोरल्या भावाची. वीस वर्षं हात लावलेला नाही."

"चालती का?"

"बघायचं?"

दोघं गच्चीवर गेले. चतुराबाईंनी सुस्कारा सोडला आणि चहाचं आधण पुन्हा ठेवलं.

भिमाजींनी दोन्ही बंदुकांत शिलाई मशीनचं तेल सोडलं. नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबली, तर ती मांजरासारखी ओरडली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला विटांवर तेलाचा रिकामा डबा ठेवला.

"तुम्ही आधी. पाहुणे तुम्ही."

"छ्या, बंदूक तुमची. मान तुमचा."

अखेर भिमाजींनी चाप ओढला. छर्रा नळीतून निघाला आणि त्यांच्याच पायावर पडला.

"लय भारी," जयराम अदबीनं म्हणाले.

पण पाच-सहा बारांनंतर स्प्रिंगा जाग्या झाल्या. छर्रे सणसणू लागले. एक शेजारच्या नारळात गेला, एक कुठे गेला ते कळलंच नाही. डबा जागचा हलला नाही. जयरामांनी टोपी उलटी घातली. भिमाजी नव्या सफारीत गच्चीवर पालथे पडले. "तुम्ही आधी" बंद झालं. "सरका की जरा" सुरू झालं. मग दोघांनी एकाच वेळी नेम धरला आणि एकाच वेळी चाप ओढले.

फट्!

डबा तिथंच होता. त्याच्या मागच्या सोलरची काचेची नळी फुटली होती. टाकीतलं गरम पाणी धबाधबा वाहत पन्हाळातून थेट पायऱ्यांवर कोसळलं. तिथं सगळ्यांच्या चपला होत्या.

खालची सगळी मंडळी धावत वर आली.

"अहो, सोलर कोणी फोडला?" चतुराबाई ओरडल्या.

"मी," भिमाजी म्हणाले.

"त्यांचं ऐकू नका, ताई," जयराम पुढं झाले. "मी फोडला."

"जयरामराव, उगाच मधे पडू नका. हे माझ्या हातून झालंय."

"नाय! देवीची शपथ घेतो. माझ्याच हातनं झालं हे."

दोघांचे चेहरे लाल झाले होते. कोणी माघार घेईना.

कुसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तीस वर्षं झाली, फुटल्या कपाचं नाव या माणसानं कधी सोतावर घेतलं नाय. आन आज बघा."

"आमच्याकडेही तेच हो," चतुराबाई म्हणाल्या. "एकमेकांना सांभाळून घ्यायला किती धडपडतायत!"

"मग आपण कशापायी ताणायचं? लग्न नाशकातच होऊ द्या, विहीणबाई."

"छे छे, वणीलाच करू."

आता त्या दोघींची जुंपली. शेवटी लग्न नाशिकला आणि साखरपुडा वणीला ठरला. वैष्णवी पेढे आणायला पळाली. राकेश ओल्या चपलांसकट तिच्या मागे पळाला.

"आता व्याह्यांनी गळाभेट घ्या," कुसाबाई म्हणाल्या.

दोघांनी कडकडून मिठी मारली. चतुराबाईंनी मोबाइलवर फोटो काढला.

फोटोसाठी हसत हसत भिमाजी जयरामांच्या कानात कुजबुजले, "छर्रा माझा होता, हे तुम्हालाही माहितीय."

जयरामांनी मिठी आणखी आवळली.

"तुमचा नारळात गेला, व्याही. साखरपुड्याला बंदूक घेऊन या. आमच्या गच्चीवर बी सोलर हाय."