किती आवळशील!

व्हर्नाच्या जुन्या ट्रेलरला क्लाइड मेकॅनिकनं नवी चाकं बसवून दिली. म्हणाला, "वहिनी, पन्नासेक मैलांवर थांबून नट पुन्हा आवळा बरं. नवी चाकं सैल पडतात. नाहीतर चाक तुमच्याआधी तळ्यावर पोचायचं!"

नवरा ऑरिन वारल्यावर ती ट्रेलर गाडीला जोडून पहिल्यांदाच एकटी तळ्यावर मुक्कामाला निघाली होती. नाहीच जमलं, तर ट्रेलर विकून टाकणार होती. ऑरिन नट आवळताना पान्यावर चढून उभा राहायचा, आणि ती दरवेळी त्याच्यावर कावायची.

पेट्रोल पंपाशी थांबून तिनं पाना लावला. एकही नट जागचा हलेना, सगळे आधीच गच्च आवळलेले.

"मेल्या, किती आवळशील!" सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

ट्रेलरच्या पलीकडच्या चाकापाशी पाना कुरकुरला, कुणी वर चढून उभं राहिल्यासारखा.

पाना तर व्हर्नाच्या हातात होता.