बाहेर नेण्यास मनाई

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे ग्रंथपालांना शब्दकोशाचा तिसरा खंड कपाटातून काढताना पुन्हा आठवलं. विसरले होते असं नाही. पत्र त्याच खंडात होतं. कोशावर ‘बाहेर नेण्यास मनाई’ असा शिक्का होता, आणि शाळेत तो कोणी उघडतही नसे. पत्र ठेवायला याहून सुरक्षित जागा त्यांना सुचली नव्हती.

ग्रंथपालांचा हा शेवटचा आठवडा होता. जुने कोश रद्दीत जायचे होते, आणि ग्रंथपालांच्या जागी आलेल्या नव्या बाई यादी करत होत्या.

“सर, बाकीचे खंड धुळीने भरलेत. हा एकटाच कसा स्वच्छ?”

“अधूनमधून लागायचा,” ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

बाई पलीकडच्या कपाटाकडे गेल्यावर त्यांनी पत्र उघडलं. ते शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. ‘समोर आले की तुम्ही पुस्तक उघडता, म्हणून लिहिते. मी थांबू की जाऊ, एवढं एका ओळीत कळवा. तोंडाने सांगा म्हणत नाही, ते तुम्हाला जमायचं नाही.’ खाली सही नव्हती. अक्षर पुरेसं होतं.

त्यांनी उत्तरं लिहिली होती. पुस्तकांच्या नोंदीसाठी असलेल्या कोऱ्या कार्डांवर, फावल्या तासाला. एक कोरडं वाटलं, दुसरं फार पुस्तकी. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं झाडूनपुसून ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमेना. कार्डं फाटत गेली. वर्ष उलटलं, आणि आता एवढ्या उशिरा काय लिहायचं, असं म्हणण्यात पुढची पंचवीस गेली. पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलांना मात्र ते रोज कारण विचारत.

तिनेही पुन्हा विचारलं नाही.

घरी बायकोची बॅग भरून झाली होती. लेकीने दोघांनाही कायमचं राहायला बोलावलं होतं. पुस्तकं सोडून यायचं म्हटल्यावर ग्रंथपाल गप्प बसले, आणि ते गप्प बसणं म्हणजे नकारच, असं बायकोने समजून टाकलं. गुरुवारची गाडी, एकच तिकीट. भांडण असं झालं नाही. गॅस नीट बंद करायचा, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची, एवढंच तिने दोनदा बजावलं.

“तुमच्या पुस्तकांवर सोपवून चाललेय तुम्हाला,” ती म्हणाली. “खोकला आला तर पाणी देतील, विचारून ठेवा.”

ते हसले.

तिचं सगळं घड्याळावर चालायचं. दुपारी चप्पल घालून ती जिना उतरे, खालची टपालाची पेटी उघडे, आत हात घालून चाचपे आणि वर येई. त्यांना पत्र असं कोणाचं येत नसे. विजेचं बिलसुद्धा आता मोबाईलवर येई. लेक लहान असताना चिडवायची, आई, तुला काय राजाचं पत्र यायचंय का? असू दे गं, तेवढंच चालणं होतं, असं ती म्हणायची. गुडघे दुखू लागले तरी तिने ते चालणं सोडलं नव्हतं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ग्रंथपालांनी कोरं कार्ड घेतलं. सव्वीस वर्षं कोण थांबतं, असं मनात आलंच. आता लिहिणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, असंही वाटलं. तरी त्यांनी लिहिलं: ‘थांब. मीही येतो.’

वाचलं. फाडावंसं वाटलं. मग ते पाकिटात घालून त्यांनी घाईघाईने पत्ते लिहिले आणि छत्री टेबलापाशीच विसरून टपाल कार्यालय गाठलं.

खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला, पाकीट थैलीत टाकता टाकता वाचलं आणि हात थांबवला.

“काका, गडबड झालीय. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच लिहिलात तुम्ही.”

“बरोबर आहे, टाका,” ते म्हणाले. “उद्या दुपारच्या आत पोचेल ना? तिथे पेटी रोज दुपारी उघडतात.”