नंदिनीचं कौतुक

भैरवीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून तिचे बाबा कृष्णकांतराव तिच्याशी बोलले नव्हते. ती मात्र लेकीचे, नंदिनीचे फोटो त्यांना पाठवत राहिली. एका दुपारी न राहवून ते नातीच्या शाळेच्या गेटपाशी गेले.

"ये नं बेटा, मी तुझा आजोबा."

नंदिनी मागे सरकली. "बाई, मी नाही ओळखत यांना!"

बाई धावत आल्या. "कोण तुम्ही? हिच्या आईला फोन लावू का?"

"नको," म्हणून ते खालमानेनं परतले.

संध्याकाळी भैरवीचा मेसेज आला. अनोळखी माणसाजवळ गेली नाही म्हणून शाळेनं पालकांच्या ग्रुपवर नंदिनीला शाबासकी दिली होती. खाली भैरवीनं लिहिलं होतं, "बाबा, बघा नं, तुमची नात किती हुशार आहे!"